भाच्यांचं भाडं

हायडेलबर्ग
रविवार, १४ जून १९६४

प्रिय यशवंत,

आधी तुझ्या जिवाला लागलेला घोर मिटवते. विनय खुशाल आहे. परवा त्याच्या प्रोफेसरांनी त्याच्या कामाला पहिल्यांदाच ‘बरं आहे’ म्हटलं, आणि इथल्या प्रोफेसरांचं ‘बरं’ म्हणजे आपल्याकडे पेढे वाटावेत इतकं. वजनही वाढलंय. वरच्या मजल्यावरची खोली त्याचीच आहे, डॉक्टरेट हातात पडेपर्यंत त्याचीच राहील आणि भाडंही आहे तेवढंच राहील. इथल्या टॅक्सच्या भानगडीची बातमी त्याने मला न विचारता तुला कळवली, म्हणून मी त्याला चांगलाच फैलावर घेतला. बिचारा मानेपर्यंत लाल झाला. पण आता कळवलंच आहे, तर सगळं मीच नीट सांगते. वकिलाला अर्धवट माहिती मिळाली की उरलेली तो स्वतःच रचतो, आणि मग पंचाईत होते.

लग्नानंतर तुला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या खोलीबद्दल तू विचारलंस, तेव्हाही मी कार्डावर ‘पाठवून दे’ एवढेच दोन शब्द लिहिले होते. राग होता असं नाही रे. काय लिहायचं हेच सुचेना. आज मात्र हात थांबत नाहीये, तेव्हा चष्मा पूस आणि बस वाचत.

हे घर आमच्याकडे कसं आलं ते तुला ठाऊक नसणार. श्रीरंगराव त्रेपन्न साली इथे रसायनशास्त्राच्या कामाला आले ते फ्राऊ लेओनहार्ट नावाच्या एका म्हातारीकडे भाड्याने राहिले. तिचे दोन्ही मुलगे लढाईत गेलेले. शेजारीपाजारी अमेरिकन फौजेतल्या लोकांना खोल्या देऊन बक्कळ पैसा करत होते आणि ही बाई ह्यांच्याकडून फक्त हिवाळ्यातल्या कोळशाचा खर्च घ्यायची. पंचावन्नला मी आले. अठ्ठावन्नला म्हातारी बहिणीकडे राहायला निघाली तेव्हा तिने हे घर आम्हालाच दिलं, रास्त किमतीत. कर्ज आम्ही काढलं, ते अजून फिटतंय. कागदावर सही झाली त्या संध्याकाळी ह्यांनी जाहीर करून टाकलं की वरची खोली आपल्याकडच्या शिकणाऱ्या पोरांसाठी, आणि भाडं म्हणजे कोळसा. वर्षाला कोळसेवाला जेवढं बिल करेल त्यातला पोराचा वाटा काढायचा, तो बारा महिन्यांवर पसरायचा. त्यापेक्षा एक फेनिग जास्त नाही. मी म्हटलं, अहो, छप्पर गळतंय आणि तुम्ही धर्मशाळा काढताय? तर म्हणाले, फुकट ठेवलं तर पोराची मान खाली जाईल, आणि पुरतं भाडं घेतलं तर पोर उपाशी राहील. त्यापुढे माझं काही चाललं नाही. तीन वर्षांत माणूस गेला. हृदय बंद पडलं, प्रयोगशाळेतच. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी धरली, कर्जाचे हप्ते धरले आणि कोळशाचं भाडंही तसंच धरून ठेवलं. सगळे म्हणाले, घर विक आणि परत ये. कुणाकडे यायचं, ते मात्र कुणी सांगेना.

आता भानगडीकडे येते. इथे दर वर्षी मिळकतीचा फॉर्म भरावा लागतो. फॉर्म एकच. त्यातला राज्याचा वाटा राज्य उचलतं आणि केंद्राचा केंद्र, ते त्यांचं त्यांच्यात बघतात. आपल्याला तोंड द्यायचं ते फिनान्झाम्ट म्हणजे कर-कचेरीतल्या एका टेबलापाशी. त्यात घरभाडं लिहायचं, भाडेकरू कोण ते लिहायचं, आणि तो नात्यातला असेल तर काय नात्याचा, तेही लिहायचं. हे गेले त्या वर्षी वर भास्कर होता, रत्नागिरीचा. दारात पाऊल टाकल्यापासून मावशी, मावशी. माझ्या आजारपणात रात्रभर गरम पाण्याच्या पिशव्या बदलत बसलेला पोरगा. मी फॉर्म भरायला घेतला आणि नात्यापुढे ‘भाचा’ लिहिलं. खोटं लिहितेय असं मनाला शिवलंसुद्धा नाही. मग नागपूरचा मोहन आला, तोही मावशीच म्हणायचा. तोही भाचा. मग विनय. त्यालाही भाचा लिहिलं. भाडं मात्र घेतलं तेवढंच लिहिलं, त्यात कधी इकडचं तिकडे केलं नाही.

दोन वर्षं कुणी हूं की चूं केलं नाही. गेल्या वर्षी छप्पर पुरतं दुरुस्त करून घेतलं, नवी कौलं, नवे वासे, आणि तो खर्च भाड्याच्या मिळकतीतून वजा करून मागितला. खर्च मोठा आणि भाडं चिमूटभर! झालं, मेच्या सुरुवातीला बोलावणं आलं. हेर्र क्नाप म्हणून अधिकारी आहेत. दहाच्या ठोक्याला टेबलाचा खण उघडतात, सफरचंद काढतात, त्याच्या फोडी करतात आणि आपल्यालाही एक देतात. फोड देत देतच त्यांनी मला विचारलं की फ्राऊ गाडगीळ, तुम्हाला भावंडं तरी किती? म्हटलं, एकच भाऊ, तोही लहानपणी गेला. मग हे तीन भाचे कुठून आले, तिघांची तीन आडनावं कशी? यशवंत, मी फोड तशीच खाली ठेवली. आपण कुणालाही सहज मावशी, काका, मामा म्हणतो. ते सरकारला कसं दिसतं, हे त्या क्षणी मला पहिल्यांदा दिसलं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं, माणूसही सरळच. ह्या गल्लीत अशा खोलीला नव्वद मार्क येतात. तुम्ही तीस दाखवता. नात्यातल्या माणसाला कुणी कमी भाड्यात ठेवलं तर ते आम्ही समजू शकतो, पण मग नात्याचा कागद आणा. नातं नसेल तर दोनच गोष्टी संभवतात. एक तर उरलेले साठ तुम्ही हातावर घेता आणि लपवता, नाही तर तुम्ही सरकारला खोटं नातं लिहून दिलंत. एक महिन्याची मुदत दिली. वाढीव कराची भीती नव्हती, तो काय, भरता येतो. पण मी परदेशी बाई, एकटी. राहण्याचा परवाना दर वर्षी नवा करून घ्यावा लागतो आणि ह्या वर्षीची तारीख ऑक्टोबरात आहे. सरकारी कागदावर खोटं लिहिलं असा शेरा बसला, तर परवाना देणारा साहेब तो शेरा वाचणारच. परवाना गेला की नोकरी गेली, नोकरी गेली की घर गेलं. आणि शेहेचाळिसाव्या वर्षी मी दोन ट्रंका घेऊन मुंबईच्या धक्क्यावर उभी! हे सगळं त्या दोन अक्षरी ‘भाचा’पायी.

घरी येऊन मी काही बोलले नव्हते, पण विनयने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याने पेटी बांधलेली. मानहाइममधल्या एका खोलीत आपली तीन पोरं राहतात, तिथे चौथा म्हणून जाणार म्हणे. मी पेटी परत उघडली, सदरे खुंटीला लावले आणि सांगितलं की बाबा, पुन्हा असं केलंस तर कानाखाली खाशील. त्या पोराला शिष्यवृत्ती किती, तिकडून परकीय चलन मिळतं किती, हे तुला मी सांगायला नको. नव्वद मार्क दिले तर तो महिनाभर नुसते बटाटे खाईल. आधीच जेवताना खाली मान घालून पोळीचा शेवटचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवून देतो, कुणाला लागला तर असावा म्हणून. ती सवय कुणाची आहे ते मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

मग सल्ले सुरू झाले. मानहाइमला आपले सुधीर जोगळेकर आहेत, कारखान्यात इंजिनियर. फार व्यवहारी माणूस. ते म्हणाले, वहिनी, अगदी सोपं आहे, पुढच्या वर्षीपासून कागदावर नव्वद लिहा, नव्वदवर कर भरा, घ्या मात्र तीस. सगळे खूश. मी म्हटलं, सुधीरभावजी, न घेतलेलं भाडं घेतलं म्हणून लिहू? एका खोट्यातून बाहेर पडायला दुसरं? त्यांची बायको म्हणाली, मग पाहुणा म्हणून दाखवा आणि काहीच घेऊ नका. म्हणजे श्रीरंगराव ज्याला नको म्हणाले तेच. पोर दोन वर्षं मान वर करून ह्या घरात वावरतोय, स्वतःच्या पैशाने ऊब घेतोय. शनिवारी घरापुढचा रस्ता झाडतो, तोही रुबाबात. त्याला मी आश्रित करू? माझं डोकंच फिरलं. दोघांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. जाताना वाटीभर चिवडा बांधून दिला, कारण माणसं चांगली आहेत.

आणि मग मंगळवारी तुझं रजिस्टर आलं. मुदत शुक्रवारी संपत होती, म्हणजे अगदी वेळेवर. स्टँपपेपर, साताऱ्याच्या कोर्टाचा शिक्का, तुझी सही, सोबत पुण्याहून करून घेतलेलं जर्मन भाषांतर. मसुदा फक्कड आहे हो वकीलसाहेब! सौ. स्नेहलता श्रीरंग गाडगीळ ही माझी बहीण असून, लहानपणापासून आमच्या घरी बहिणीच्याच नात्याने वावरलेली असून, सबब चिरंजीव विनय हा तिचा भाचा लागतो. माझ्या कपाळी ‘सौ.’ नाही राहिली ही एक चूक सोडली तर बोट ठेवायला जागा नाही. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस की ह्यात खोटं काहीच नाही, मानलेली बहीण ही बहीणच, बिनधास्त दाखव. विनयला मी कागद दाखवला. पोराचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, बघा, बाबांनी मला निघतानाच सांगितलं होतं की त्यांना आत्या म्हण, तुम्हीच हट्टाने मावशी म्हणायला लावलंत! खरं आहे. मीच लावलं. स्टेशनवर उतरल्या उतरल्या त्याने वाकून नमस्कार केला, आत्या म्हणाला, आणि मी त्याची बॅग उचलता उचलता म्हटलं, मावशी म्हण रे. त्याच्या आईला, सुरेखाबाईंना, मी पाहिलेलं नाही, पण त्यांची बहीण व्हायला माझी कधीच ना नव्हती. त्यांनी पाठवलेलं मेतकूट मी पुरवून पुरवून खाते. त्यांना सांग, तुमचा मुलगा गुणी आहे, आणि ते तुमचं श्रेय.

गुरुवारी सकाळी कागद पर्समध्ये घालून गेले. खोटं कशाला बोलू, ट्रॅममध्ये बसेपर्यंत तो दाखवायचा असंच मनात होतं. टेबलावर ठेवला की पाच मिनिटांत प्रकरण बंद. परवाना शाबूत, घर शाबूत, पोराची खोली शाबूत. नेकार नदीच्या पुलावर ट्रॅम थांबली होती तेव्हा मी पर्स उघडली, कागद पुन्हा वाचला, आणि यशवंत, मला अशी काही संतापाची तिडीक आली की शेजारची बाई सरकून बसली. त्या कागदाशिवायच हेर्र क्नापांपुढे बसले आणि सांगून टाकलं. तिघांपैकी एकही माझा भाचा नाही. रक्ताचा नाही, लग्नाचा नाही. आमच्याकडे आईच्या वयाच्या बाईला पोरं मावशी म्हणतात आणि ती बाई त्यांना जीव लावते, मी तेच लिहिलं आणि ते तुमच्या फॉर्मवर चुकलं. तीनही वर्षांचे फॉर्म मी दुरुस्त करून देते. आणि तीसच मार्क घेते, कारण मला तेवढेच घ्यायचे आहेत.

त्यांनी तिन्ही फॉर्म पुढ्यात ओढले. मग मी विचारलं, तुम्ही लहानपणी शेजारच्या बाईला काय म्हणायचात? म्हणाले, टान्टे लिस्बेट, म्हणजे लिस्बेटमावशीच की रे! मी म्हटलं, मग? तर चष्मा काढून म्हणाले, पण फ्राऊ गाडगीळ, ते मी फॉर्मवर लिहिलं नसतं. तेही खरंच. मग त्यांनी विचारलं की उरलेल्या भाड्याच्या बदल्यात हा मुलगा काही काम करतो का, म्हणजे त्या कामाचं मोल भाड्यात धरता येईल. म्हटलं, शनिवारी रस्ता झाडतो, पण इतका वाईट झाडतो की मला मागून पुन्हा झाडावा लागतो, मोल धरायचं तर माझंच धरा. तेव्हा तो माणूस पहिल्यांदा हसला. भास्कर आणि मोहन, दोघांनाही किती भाडं दिलं ते लिहून पाठवायला सांगायचं आहे, म्हणजे लपवाछपवीचा संशय जाईल. भाडं कमी घेतलं हा काही गुन्हा नाही म्हणाले, पण छपराचा खर्च मग त्या मानानेच वजा होईल, बाकीचा माझ्या अंगावर. तीन वर्षांचा फरक व्याजासकट भरायचा. चुकीच्या नात्याबद्दल दंड होईल की नाही ते वरिष्ठ ठरवतील. आपण होऊन येऊन सांगितलं एवढं मी लिहून ठेवतो, म्हणाले. परवान्याचं काय होईल ते ऑक्टोबरात कळेल. भीती वाटते. रात्री कधीकधी उठून बसते. पण दुरुस्तीच्या फॉर्मवर ‘नातं’ ह्यापुढे मी तीन वेळा ‘काही नाही’ लिहिलं, आणि खाली सही ठोकली.

पैशाची सोय मी केलीय, तू काही पाठवायच्या फंदात पडू नकोस, परत करीन. खालची पुढची खोली, श्रीरंगरावांची अभ्यासाची, रिकामी करते आहे. तीन वर्षं तिथली एक वस्तू मी हलवली नव्हती. काल विनयने आणि मी पुस्तकं खोक्यांत भरली. ह्यांचा एक जुना मफलर कपाटामागे सापडला तेव्हा मी थोडी रडले, पोर बावरून पाणी घेऊन आला. एक तारखेपासून तिथे शाळेत शिकवणाऱ्या एक बाई येणार आहेत. त्यांच्याकडून मी चक्क बाजारभावाने नव्वद घेणार आहे आणि नव्वदच लिहिणार आहे. ह्यांना ते आवडलं असतं की नाही, ठाऊक नाही. पण वरच्या खोलीचा कोळसा ह्यापुढे खालच्या खोलीच्या जिवावर चालेल.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. तुझा स्टँपपेपर ह्याच पाकिटात परत पाठवते आहे. तू मदतच करायला गेलास, मला कळतं, आणि सगळं संकटात घालून मी तो नाकारला म्हणून तू मला वेडी म्हणशील. म्हण. पण तुझ्या आईने आपल्याबद्दल तुला विचारलं तो दिवस तुला आठवतो का रे? तू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालास, छे गं आई, स्नेहल मला बहिणीसारखी. मी माजघरात होते, मला ऐकू आलं. बाहेर येऊन मी म्हणायला हवं होतं की खोटं बोलतोय हा. नाही म्हटलं. आणि तुझी आई काही कच्ची नव्हती. त्या दिवाळीला तिने मला भाऊबीजेला बोलावणं धाडलं, पाट मांडला, रांगोळी काढली, तबक माझ्या हातात दिलं. तू पाटावर बसलास. माझ्याकडे न बघता. मी तुला कुंकू लावलं, ओवाळलं, तू तबकात रुपया घातलास, आणि सगळी जेवायला बसली. पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. श्रीरंगरावांना मी हे सगळं सांगितलं होतं, त्यांनी कधी त्यावरून शब्दाने दुखवलं नाही, आणि त्यांच्याबरोबर मी सुखाने नांदले, तेव्हा ह्यात रडगाणं शोधू नकोस. तुझ्याकडून मला काही नको. फक्त एवढंच सांगायचं होतं की तुझी अडचण निवारायला तू मला एकदा बहीण केलंस, आता माझी अडचण निवारायलाही करू नकोस. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, म्हणून ओवाळलं. आता ओवाळणार नाही.

कागदोपत्री तुझी कुणीही नसलेली,
स्नेहलता